ओली भिंत, पंचनामा आणि खोकला

पूर ओसरला की दवाखान्यात आधी जुलाबाचे आणि तापाचे रुग्ण येतात. महिना-दीड महिन्याने वेगळीच रांग लागते. न थांबणारा खोकला, रात्रीचा दमा, लहान मुलांची भरलेली छाती. औषध चालू असते, पण गुण येत नाही. अशा वेळी छाती तपासून झाली की मी घराची चौकशी करतो. अंथरूण ओल्या भिंतीला लागून आहे का? भिंतीवर काळे-हिरवे ठिपके आहेत का? ते ठिपके म्हणजे बुरशी. तिचे सूक्ष्म कण श्वासावाटे आत जातात आणि दमेकऱ्याचा दमा उसळतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते. धोक्याची पातळी ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला, साताऱ्याच्या पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या. दगडमातीची भिंत एकदा पाणी प्याली की वाळायला महिने लागतात.

पडझडीला सरकारी मदत मिळते, ती पंचनाम्यावर. २०२१ च्या पुरानंतर राज्य सरकारने पूर्ण पडलेल्या घरास दीड लाख, निम्मे पडलेल्यास ५० हजार, पाव पडलेल्यास २५ हजार रुपये जाहीर केले होते. केंद्राच्या २०२२ च्या निकषांत मात्र किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घरास ६,५०० आणि कच्च्या घरास ४,००० रुपयेच धरले आहेत. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेचे पैसे नवे घर बांधण्यासाठी असतात, डागडुजीसाठी नव्हे. पुष्कळांचा इथे गोंधळ होतो.

'पंचनामा होईपर्यंत काही हलवू नका' असे कोणीतरी सांगतो आणि अख्खे कुटुंब आठ-आठ दिवस चिखलात झोपते. वाचकहो, असे करू नका. पाणी कुठवर चढले तिथे खडूने रेघ मारा. रेघेचे, पडलेल्या भागाचे आणि घर क्रमांकाचे फोटो काढा. तलाठ्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पडलेली भिंत तशीच राहू द्या, पण चिखल आणि भिजलेल्या गाद्या बाहेर काढा.

चार-सहा हजारांत घर उभे राहत नाही हे मलाही कळते. म्हणूनच आधी रंग नको. पहिला खर्च छपरावर. दुसरा, पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायापासून दूर नेणाऱ्या चरावर. हे काम घरचे कुदळ-फावडेही करते. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका, आतली ओल आतच कोंडते. मातीने लिंपा, वाळल्यावर चुना द्या. घुशींची बिळे आणि भेगा बुजवा. उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टो होतो, आणि जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यार चावते ती रात्रीच. भिजलेल्या भिंतीवरचा विजेचा बोर्ड वायरमनने पाहिल्याशिवाय चालू करू नये.

मदतीची रक्कम खात्यावर येईपर्यंत दिवस जातात. तोवर दमेकऱ्याची खाट भिंतीपासून हातभर दूर ठेवा, दिवसा दारे-खिडक्या उघड्या ठेवा, आणि तान्ह्या मुलाला व म्हाताऱ्यांना जमल्यास पाहुण्यांकडे कोरड्या खोलीत पाठवा.