पांडू हे नाव की आडनाव?

गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही दुबईस गेलो होतो. आमचा भाचा तेथे एका हॉटेलात नोकरीस आहे. त्याला पहिला मुलगा झाला, त्याचे बारसे होते. शेजारचे मालवण तालुक्यातील एक गृहस्थ आले होते. त्यांनी सहज विचारले, "तुमचे आडनाव काय?"

"पांडू," आम्ही म्हणालो.

ते हसले. "अहो, हे तर माणसाचे नाव झाले. आडनाव सांगा ना!"

वाचकहो, आम्ही निरुत्तर झालो. रामा, बापू, पांडू, भिवाजी ही आपल्या बेटावरील मराठी आडनावे खरोखर माणसांचीच नावे आहेत. १८३४ पासून करारबद्ध मजूर मॉरिशसला येऊ लागले. मुंबई बंदरातून आलेल्या आपल्या पूर्वजांची नोंद रजिस्टरात झाली ती क्रमांक, स्वतःचे नाव, बापाचे नाव, वय, जात आणि गाव अशी. आडनावाला तेथे जागा नव्हती. पुढे मुलांच्या जन्मनोंदीत बापाचे नाव आडनावाच्या जागी पडले आणि तेथेच गोठले. दोन सख्खे भाऊ आले असतील, तर एकाचे वंशज आज रामा, दुसऱ्याचे पांडू. सोयरीक जुळवताना हे कोणाच्या ध्यानात येणार?

असे आपल्याच बाबतीत घडले असे नाही. कॅनडातील क्युबेक प्रांतात जुन्या फ्रेंच घराण्यांना दोन दोन आडनावे असत, मध्ये 'दी' म्हणजे 'म्हणून ओळखला जाणारा'. त्यांतील कित्येक शिपायांची टोपणनावे होती. पुढे काही वंशजांनी एक नाव ठेवले, काहींनी दुसरे. आज ते चर्चच्या जुन्या नोंदींवरून आपले नाते जुळवतात.

अमिरातीत आणखी निराळी रीत आहे. तेथील पहिले राष्ट्राध्यक्ष शेख झायेद बिन सुलतान अल नाह्यान. म्हणजे झायेद, सुलतानचा मुलगा, नाह्यान घराण्यातला. मुलीच्या नावात 'बिन'ऐवजी 'बिंत' येते, आणि लग्न झाले तरी तिचे नाव बापाच्याच घराचे राहते. नाव पुरते सांगितले की निम्मी वंशावळ सांगून होते. २०२२ च्या नोव्हेंबरात तर पासपोर्टावर एकच नाव असलेल्या पर्यटकांना तेथे प्रवेश मिळणार नाही, असा नियम निघाला. पासपोर्टात अन्यत्र बापाचे किंवा घराण्याचे नाव असल्यास चालेल, असा खुलासा मागाहून झाला. आमचे खापरपणजोबा एकाच नावानिशी बोटीत चढले होते!

आमच्याजवळ त्यांच्या नोंदीची नक्कल होती. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ही जुनी दप्तरे जपलेली आहेत. नकलेवर जिल्हा रत्नागिरी होता, आणि गावाचे नाव आम्ही वर्षानुवर्षे 'आशेरा' असे वाचत होतो. ते कोठे सापडेना. भाच्याने ती नक्कल शेजाऱ्यांपुढे धरली. त्यांनी एकदाच पाहिले आणि म्हणाले, "आशेरा कसले? आचरा! आमच्या मालवण तालुक्यातले. रामेश्वराचे गाव."

कारकुनाने इंग्रजीत लिहिले, आम्ही फ्रेंच वळणाने वाचले. एवढ्याने गाव हरवले होते! शिवाय १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, आणि मालवण तिकडे गेले. आम्ही शोधत होतो नव्या नकाशातल्या रत्नागिरीत.

"मग आम्ही आचरेकर व्हायचे काय?" भाच्याने विचारले. शेजारी म्हणाले, "गाव सोडलेल्याला लोक तसे म्हणतात खरे. पण पांडूही टाकू नका. समुद्र ओलांडला तो त्यानेच."

बाळाच्या दाखल्यावर आडनाव पांडूच राहिले. पाळण्यात नाव ठेवताना मात्र आत्याने कानात गावही सांगितले.

आपल्या घरी आजी-आजोबा असतील, तर त्यांना आजच विचारा: कुळदेवता कोणती, मूळ पुरुष कोण, गाव कोणते. त्यांचे जन्माचे व लग्नाचे दाखले घेऊन मोक्याला जा. आणि गावाचे नाव कळले नाही, तर ते एखाद्या कोकणातल्या माणसाला मोठ्याने वाचायला द्या.