अस्वस्थ दिवसांची दिनचर्या : लेखांक ६
वर्तमानपत्र टेबलावर ठेवा

टिळकांच्या मंडालेतल्या दिनक्रमावर आज लिहायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या रविवारी. गेल्या लेखांकावर सांगलीच्या एका वाचक ताईंनी जे विचारलंय, ते आधी घ्यायला हवं. त्या लिहितात, ‘बातम्यांची वेळ ठरवा, असं तुम्ही सांगता. पण आजूबाजूला एवढं सगळं घडत असताना मोबाइल बाजूला ठेवणं हा पळपुटेपणा नाही का? आणि ठेवला तरी मन तिकडेच असतं, त्याचं काय करायचं?’

दोन्ही प्रश्नांना मौलाना आझादांनी नगरच्या किल्ल्यात उत्तर देऊन ठेवलंय. ‘गुबार-ए-खातिर’ हे त्यांचं पुस्तक माझ्या उशाशी कायम असतं, त्यामुळे आज थोडा रेंगाळणार आहे.

९ ऑगस्ट १९४२च्या पहाटे मुंबईत धरपकड झाली आणि काँग्रेस कार्यसमितीच्या नेत्यांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरू, पटेल, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव असे बारा जण. आझाद काँग्रेसचे अध्यक्ष. बाहेर देश पेटलेला आणि आत सुरुवातीला ना पत्र, ना वर्तमानपत्र. शिक्षा सुनावलेली नसल्यामुळे सुटका कधी, हेही माहीत नाही.

अशा वेळी या माणसांनी काय केलं? नेहरूंनी बाग करायला घेतली. जमीन खडकाळ, जुन्या पडझडीच्या ढिगाऱ्यांनी भरलेली. तरी उन्हातान्हात ते फुलांचे वाफे खणत राहिले. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ १९४४ साली इथंच लिहून झालं. आझाद पहाटे तीन-चारला उठायचे, स्वतःच्या हातानं चहा करायचे. चमेलीचा सुवास असलेला चिनी चहा, दुधाचा थेंबही न घालता. मग लिहायला बसायचे. त्यांच्या खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी मांडली होती. आधी त्यांनी त्या हुसकून पाहिल्या, नंतर जमिनीवर तांदूळ टाकायला लागले आणि शेवटी चिमण्या त्यांच्या हातावर येऊन दाणे टिपू लागल्या. त्यांनी एकेकीला नावंसुद्धा दिली होती.

आता मूळ मुद्दा. १९४३च्या वसंतात कलकत्त्याहून पत्नी झुलेखा बेगम अत्यवस्थ असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. तुरुंगाधिकाऱ्यानं सुचवलं की सरकारला काही विनंती करायची असेल तर मी ती लगेच पाठवतो. आझादांनी नकार दिला. विनंती ज्या सरकारकडे करायची, त्याच्याशीच लढा चालू होता.

त्या दिवसांत अधिकारी रोज वर्तमानपत्र घेऊन खोलीत यायचा. बुटांचा आवाज आला की आझादांची छाती धडधडायची. आज काय छापून आलं असेल? पण दाराकडे पाठ करून बसलेले आझाद हसून खूण करायचे, टेबलावर ठेवा. आणि काही घाईच नाही अशा थाटात पुन्हा लिहू लागायचे. हे सगळं दिखाऊपणाचं होतं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. भूक मेली होती, तरी ते ठरल्या वेळी सहकाऱ्यांबरोबर जेवणाच्या टेबलावर बसत आणि चार घास पोटात ढकलत. ९ एप्रिलला निधनाची तार आली.

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. मन तिकडे जाणारच, ते आझादांचंही गेलं. मन शांत झाल्यावर वेळापत्रक पाळू, असं म्हणून ते कधी पाळलं जात नाही. जेवण, झोप, काम यांच्या वेळा आधी धरायच्या. बातमी यायची तेव्हा येऊ दे, पण ती उघडायची कधी हे आपण ठरवायचं.

आणि पळपुटेपणा? त्या किल्ल्यातल्या कुणालाही पळपुटा म्हणता येईल का? बाग, बॅडमिंटन, चहा, चिमण्या हे सगळं करत यातली बहुतेक माणसं जवळपास तीन वर्षं न वाकता राहिली. शरीर आणि डोकं शाबूत असेल तरच पुढच्या कामाला माणूस उरतो.

एक इशारा मात्र देतो. चेहऱ्यावर काही न दाखवण्याची किंमत मोजावी लागते. आझादांना ती परवडली ती पत्रांमुळे. मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानींच्या नावे ते मनातलं सगळं लिहीत. तुरुंगाच्या नियमांमुळे ती पत्रं तेव्हा पाठवता आली नाहीत. १९४६ साली त्या पत्रांचंच ‘गुबार-ए-खातिर’ हे पुस्तक झालं. तेव्हा बातम्यांची वेळ ठरवताना, मनातलं बोलायला एक माणूस किंवा लिहायला एक वहीही ठरवा. तुम्ही वर्तमानपत्र टेबलावर कसं ठेवता, ते मला जरूर कळवा. पुढच्या रविवारी मंडाले, टिळकांचा मधुमेह आणि त्यांचं पथ्यपाणी.