धावपट्टीची मालकी आणि आभाळाचा अंमल

जमिनीचा जो मालक तोच तिच्यावरील आकाशाचाही मालक, असा सिद्धान्त युरोपातील जुन्या कायदेपंडितांनी मांडून ठेवला होता, आणि जोवर माणसाला उडता येत नव्हते तोवर त्याची परीक्षा पाहण्याचा प्रसंगही कोणावर आला नाही. तो प्रसंग दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात आला, आणि तो आणला कोंबड्यांनी. ग्रीन्सबरो शहराजवळचा एक लहानसा विमानतळ लष्कराने भाडेपट्ट्याने घेतल्यानंतर बॉम्बफेकी विमाने शेजारच्या शेतकऱ्याच्या जागेवरून अवघ्या ८३ फुटांवरून उतरू लागली; त्या गडगडाटाने बिथरलेल्या सुमारे दीडशे कोंबड्या भिंतींवर आपटून मेल्या, आणि त्या गृहस्थाला कुक्कुटपालनाचा धंदाच आवरता घ्यावा लागला. १९४६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने या फिर्यादीचा निकाल देताना जुना सिद्धान्त मोडीत काढला आणि आकाश हा सार्वजनिक हमरस्ता आहे असे जाहीर केले. मात्र विमाने इतकी खालून आणि इतक्या वारंवार जाऊ लागली की जमिनीचा उपभोगच अशक्य व्हावा, तर सरकारने ती जमीन घेतल्यासारखेच होते आणि तिचा मोबदला द्यावा लागतो, असेही त्याच निकालात बजावले. आकाश सरकारचे आणि त्रास रहिवाशांचा, ही जी विभागणी त्या दिवशी झाली तिच्यावरचे वाद अद्याप मिटलेले नाहीत. त्यांतला सर्वांत प्रदीर्घ आणि सर्वांत बोधक वाद लॉस एंजेलिसच्या पश्चिमेस, प्रशांत महासागराच्या काठी वसलेल्या सँटा मोनिका या शहराचा आहे.

सँटा मोनिका हे काही मोठे शहर नव्हे. वस्ती लाखाच्याही आतली. त्याच्या विमानतळाचे क्षेत्रफळ सुमारे २२७ एकर, धावपट्टी एकच, आणि नियमित प्रवासी वाहतुकीची मोठी विमाने तेथे येत नाहीत. येतात ती खाजगी मालकांची, उड्डाणशाळांची, आणि ज्यांना लॉस एंजेलिसच्या मोठ्या विमानतळावरील गर्दी सोसवत नाही अशा धनिकांची विमाने. तथापि विमानविद्येच्या इतिहासात या चिमुकल्या मैदानाचे स्थान मोठे आहे. डग्लस कंपनीची चार विमाने पृथ्वीप्रदक्षिणेसाठी १७ मार्च १९२४ रोजी येथूनच निघाली आणि त्यांपैकी दोन सप्टेंबरात प्रदक्षिणा पुरी करून सिएटलला पोचली; पुढे दुनियाभर ‘डकोटा’ म्हणून गाजलेल्या डीसी-३ विमानाने पहिली भरारी १७ डिसेंबर १९३५ रोजी याच मैदानावरून घेतली. युद्धकाळात डग्लसच्या कारखान्यात हजारो कामगार राबत होते. शत्रूच्या वैमानिकांना कारखाना ओळखू येऊ नये म्हणून जाळ्या पसरून त्यांवर कापडाची घरे, झाडे आणि रस्ते उभारले होते, आणि वरून पाहणाऱ्याला खाली एखादी निवांत वसाहत नांदते आहे असे वाटावे अशी ती योजना होती.

खरी वसाहतही भोवती होतीच, आणि ती पुष्कळशी कारखान्याच्याच कामगारांसाठी वसली होती. ‘विमानतळ आधी की घरे आधी’ हा प्रश्न अशा प्रत्येक तंट्यात विमानमालकांकडून हटकून विचारला जातो, आणि वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. पण येथे घरे आली ती कारखान्यामुळे, आणि ती येत होती त्या काळी विमाने पंख्याची होती. कामगाराला आपल्या पोटापाण्याच्या यंत्राचा आवाज खुपत नाही. १९५८च्या सुमारास डग्लसला डीसी-८ या जेट विमानासाठी धावपट्टी लांबवून हवी होती, रहिवाशांनी आपली घरे त्यासाठी जाऊ देण्यास विरोध केला, आणि कंपनीने ते काम लाँग बीचला नेले. पुढे १९७५पर्यंत सँटा मोनिकातला कारखाना बंदच झाला. पगार गेला आणि आवाज मात्र राहिला; राहिला इतकेच नव्हे, तर छोट्या खाजगी जेट विमानांच्या रूपाने तो अधिक कर्कश होऊन परत आला.

कज्जाला तोंड फुटले ते साठीच्या दशकात. विमानतळ नगरपालिकेच्या मालकीचा असल्यामुळे प्रतिवादीही तीच होती, आणि १९७२ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, केवळ जमिनीची किंमत घटली एवढ्यापुरतीच नव्हे तर उपद्रवाबद्दलही रहिवाशांना नगरपालिकेकडून भरपाई मागता येईल, असा निर्णय दिला. आता नगरपालिकेची अवस्था मोठी चमत्कारिक झाली; आवाजाची भरपाई द्यायची तिने, आणि आवाज करणाऱ्यांना रोखायचे म्हटले तर आकाशाचा अख्त्यार वॉशिंग्टनकडे. शेजारच्या बरबँक शहराने तेथल्या खाजगी विमानतळावरून रात्री ११ ते सकाळी ७ या वेळात जेट विमानांना उड्डाणबंदी केली होती, ती १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी रद्द ठरवली, कारण विमानांच्या आवाजाचे नियमन संघराज्य सरकारने आपल्याकडे घेतलेले असताना गावाला ते पोलिसी अधिकारात करता येत नाही. परंतु त्याच निकालात एक फट राहून गेली होती. जे गाव स्वतःच विमानतळाचे मालक आहे त्याचे काय, हा प्रश्न न्यायमूर्तींनी तसाच सोडला होता.

सँटा मोनिकाने त्या फटीत पाय रोवला. रात्रीची उड्डाणे बंद, सुटीच्या दिवशी शिकाऊ वैमानिकांचे ‘टच अँड गो’ बंद, ठरावीक मर्यादेपलीकडच्या आवाजाचे विमान बंद, आणि जेट तर सर्वथा बंद, असे हुकूम तिने काढले. ‘टच अँड गो’ म्हणजे धावपट्टीला चाके टेकवून न थांबता पुन्हा उडायचे, आणि घिरटी घेऊन परत तेच. धावपट्टीलगत राहणाऱ्याच्या मस्तकात हा प्रकार जेटपेक्षाही अधिक जातो. १९७९ साली जिल्हा न्यायालयाने या हुकुमांपैकी बाकीचे सारे कायम ठेवले आणि जेटबंदी तेवढी रद्द केली, कारण काही जेट विमाने ज्यांना मुभा होती अशा पंख्याच्या विमानांहून गोंगाटी नव्हती; तेव्हा आवाज रोखायचा तर आवाज मोजावा, यंत्राची जात पाहू नये, असा त्या निर्णयाचा आशय. १९८१ साली अपील न्यायालयानेही तो उचलून धरला. मला हा निकाल अतिशय समंजस वाटतो, जरी ज्यांच्या छपरावरून जेट जात होते त्यांना तो तसा वाटला नसेल.

आवाज मोजावा, हे म्हणणे सोपे; पण कसा मोजावा याच्यातच निम्मा तंटा दडलेला असतो. ध्वनीची तीव्रता डेसिबलमध्ये सांगतात, आणि हे माप साध्या बेरजेचे नसून गुणाकाराचे आहे: १० डेसिबल वाढले की ध्वनिशक्ती दसपट होते, आणि कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. अमेरिकेचे संघीय विमानवाहतूक प्रशासन दिवसरात्रीच्या आवाजाची सरासरी काढते, रात्रीच्या उड्डाणांना १० डेसिबलचा अधिभार लावते, आणि वर्षाची सरासरी ६५च्या आत असली की ती जागा राहण्यास योग्य समजते. मोठ्या विमानतळावर, जेथे दर दोन मिनिटांनी विमान उतरते, तेथे ही सरासरी खरे चित्र दाखवते. लहान विमानतळावर ती फसवते. चार तास नीरव शांतता आणि मधे एकच जेट, याची सरासरी काढली तर कागदावर शांतताच उरते. पण दचकून जागा झालेला पोरगा सरासरीने जागा होत नाही. सँटा मोनिकाने म्हणूनच निराळे माप घेतले. एका विमानाच्या जाण्यायेण्यात जितका ध्वनी होतो तो सगळा एका सेकंदात कोंबला तर किती डेसिबल भरेल, हे ते माप. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना ध्वनिमापक बसवले, आणि संघीय प्रशासनाशी झालेल्या १९८४च्या करारनाम्यात ही मर्यादा ९५ डेसिबल ठरली. जो मर्यादा ओलांडील त्याला आधी ताकीद, मग दंड, आणि तरीही न ऐकल्यास बंदी.

या बंदोबस्तावर देखरेख करण्यासाठी नगर परिषदेने नेमलेल्या सामान्य नागरिकांचा एक विमानतळ आयोग आहे. त्याचा अधिकार केवळ सल्ल्याचा. पण त्याच्या सभा जाहीर होतात, कोणत्या विमानाने किती वेळा मर्यादा ओलांडली याचे दप्तर तेथे सर्वांसमोर मांडले जाते, आणि कोणीही उभे राहून बोलू शकतो. वैमानिकांनी उड्डाणानंतर लगेच घरांवरून न वळता पश्चिमेच्या गोल्फ मैदानावरून जावे, अशा विनंत्या तेथूनच निघतात, आणि हुकूम नसतानाही त्या पुष्कळ अंशी पाळल्या जातात. या व्यवस्थेत एक व्यंगही आहे. धावपट्टीच्या पश्चिमेची व दक्षिणेची वस्ती लॉस एंजेलिसच्या हद्दीत मोडते, तेथल्या लोकांच्या डोक्यावरून विमाने जातात, आणि सँटा मोनिकाच्या निवडणुकीत त्यांना मत नाही. आपल्याकडे तर हे व्यंग सार्वत्रिकच म्हणावे लागेल. विमानवाहतूक हा विषय राज्यघटनेच्या संघसूचीत आहे, आणि बारामतीला किंवा शिरपूरला उड्डाणशाळेची विमाने घिरट्या घालतात तेव्हा ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली असली तरी, सँटा मोनिकाच्या रहिवाशाप्रमाणे धावपट्टीच्या मालकालाच समोर बसवून जाब विचारण्याची सोय आपल्या ग्रामस्थाला नसते.

१९८४चा करारनामा २०१५ला संपायचा होता, आणि गाव ती तारीख मोजत बसले होते. दरम्यान १९९० साली अमेरिकेच्या संसदेने असा कायदा केला की यापुढे कोणत्याही गावाला आवाजाचे नवे निर्बंध घालायचे तर प्रदीर्घ अभ्यास आणि संघीय प्रशासनाची मंजुरी यांवाचून गत्यंतर नाही. जुने निर्बंध तेवढे वाचले, आणि सँटा मोनिकाचे ९५ डेसिबल त्यांत बसले. न्यूयॉर्कजवळच्या ईस्ट हॅम्प्टन या गावाने २०१५ साली ही पायरी वगळून निर्बंध घातले, ते पुढच्याच वर्षी न्यायालयात कोसळले. सँटा मोनिकानेही २००८ साली, धावपट्टीच्या टोकाला पुरेशी मोकळी जागा नाही या कारणास्तव, वेगवान जेट विमानांवर बंदी घालून पाहिली, आणि २०११ साली ती बाजी हरली.

हरण्याचे कारण ध्वनी नव्हता, पैसा होता. विमानतळाच्या डागडुजीसाठी संघीय सरकारचे अनुदान घेतले की त्याबरोबर वीस वर्षांचे बंधन येते, आणि त्यात कोणत्याही जातीच्या विमानाशी अन्याय्य भेदभाव करणार नाही अशी हमी असते. सँटा मोनिकाचे मोठे अनुदान १९९४चे, म्हणजे ते २०१४ला फिटायला हवे होते. पण २००३ साली त्या अनुदानाला सुमारे २,४०,६०० डॉलरची पुरवणी जोडली गेली, आणि प्रशासन म्हणू लागले की बंधन २०२३पर्यंत वाढले. शिवाय युद्धानंतर, १९४८ साली, संघराज्याने भाडेपट्टा संपवून विमानतळ परत करताना जो दस्तऐवज केला त्यात ही जागा विमानतळ म्हणूनच वापरण्याची अट होती, आणि ती अट कायमची आहे, असा प्रशासनाचा दावा होता. तेव्हा अडीच लाखांच्या आतल्या त्या रकमेसाठी कागदावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने नऊ वर्षे गहाण टाकली, हे त्याच्या ध्यानात आले होते की नाही, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

सप्टेंबर २०१३मध्ये उतरलेले एक जेट विमान धावपट्टी सोडून हँगरवर आदळले, त्यात चार माणसे दगावली, आणि आवाजाच्या तक्रारीला भीतीची जोड मिळाली. छोट्या विमानांच्या पेट्रोलात अद्याप शिसे घालतात, या तक्रारीनेही जोर धरला. त्याच वर्षी शहराने मालकीहक्काच्या निर्णयासाठी दावा लावला. २०१४च्या नोव्हेंबरात मतदारांपुढे दोन प्रस्ताव आले: विमानतळ बंद करण्यास मतदारांची संमती आवश्यक करणारा, उड्डाणक्षेत्रातील हितसंबंधीयांचा, एक, आणि त्या जागेवर उद्याने व मैदाने यांखेरीज काहीही उभारण्यास मतदारांची संमती आवश्यक करणारा, नगर परिषदेचा, दुसरा. पहिला पडला आणि दुसरा सुमारे साठ टक्के मतांनी मंजूर झाला. अखेर जानेवारी २०१७मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली तह झाला: ४,९७३ फुटांची धावपट्टी तोडून ३,५०० फुटांची करावी, आणि ३१ डिसेंबर २०२८ नंतर शहराला विमानतळ बंद करण्याची मोकळीक असावी. डिसेंबर २०१७मध्ये धावपट्टी तोडलीही, आणि तिच्यावर न मावणारी मोठी जेट विमाने आपोआप दुसरीकडे गेली. जे काम चाळीस वर्षे ध्वनिमापकांना साधले नव्हते ते उखडलेल्या डांबराने काही दिवसांत केले.

नगर परिषदेत हा तह चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने मंजूर झाला, आणि बारा वर्षे थांबायचे कशाला असे म्हणणारे रहिवासी तेव्हाही होते व आजही आहेत. त्यांचा राग समजण्याजोगा आहे. पण १९४८च्या त्या अटीचा अर्थ न्यायालयात प्रशासनाच्या बाजूने लागला असता तर गावाच्या हाती एक फूटही उरला नसता, आणि हे पाहता मिळाला तो सौदा मला वाजवी वाटतो. १९२६ साली मतदारांनी उद्यानांसाठी काढू दिलेल्या कर्जरोख्यांच्या पैशातूनच शहराने ही जमीन विकत घेतली होती, आणि २०१४च्या ठरावाप्रमाणे १ जानेवारी २०२९ पासून, मतदारांनी निराळे न ठरवल्यास, तिच्यावर उद्यानांवाचून नवे काही उभारता येणार नाही.