गाडी पुसावी कशी?

पोळ्याला आपण बैल धुतो. ओढ्यावर नेतो, अंग चोळून त्याला अंघोळ घालतो. बैलाच्या अंगाला कातडी असते. कुठे थोडे खरचटले तरी चार दिवसांत ती भरून येते.

आता पुष्कळ घरांपुढे मोटारसायकल उभी दिसते. कुठे ट्रॅक्टर असतो, कुठे जीप असते. या गाड्यांनाही एक कातडी आहे. ती म्हणजे त्यांचा रंग. पण ही कातडी आपोआप भरून येत नाही. ओरखडा पडला की पडलाच. म्हणून गाडी धुणे जसे शिकावे लागते, तसे पुसणेही शिकावे लागते.

रंग कशासाठी?

कोणी म्हणेल, "रंग काय, दिसायला असतो. ओरखडा पडला म्हणून गाडी चालायची थांबते का?" थांबत नाही, हे खरे. पण रंग नुसता शोभेसाठी नसतो.

नगर शहरात रणगाड्यांचे संग्रहालय आहे. ते १९९४ साली सुरू झाले. तेथे देशोदेशीचे जुने रणगाडे पाहायला मिळतात. रणगाडा म्हणजे जाड पोलादाचा गड. पण त्यालाही रंग द्यावा लागतो. का बरे? लोखंडाला पाणी आणि हवा लागली की गंज चढतो. रंग हा त्या दोघांना बाहेर अडवून धरणारा बांध आहे. बांध फुटला की पाणी आत शिरणारच.

आणि हा बांध असतो तरी किती जाड? गाडीवरच्या रंगाचे सगळे थर मिळून एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास भरतात. अनेक गाड्यांना सगळ्यांत वर काचेसारखा पारदर्शक थर असतो. गाडी चकाकते ती याच थरामुळे. तो तर आपल्या डोक्याच्या केसाहूनही पातळ असतो. मग तो जपायला नको का?

ओरखडा पडतो कसा?

आपल्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर हे नाव मिळाले आहे. जिल्ह्याचा मोठा भाग कमी पावसाचा. उन्हाळ्यात वाटांवर धूळ उडते. उसाच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली माती सडकेवर येते. ही धूळ गाडीवर बसते. हाताला ती पिठासारखी मऊ लागते. पण तिच्यात वाळूचे बारीक कण असतात आणि ते रंगाहून कठीण असतात.

आपण काय करतो? सकाळी उठतो, फडके घेतो आणि कोरडीच गाडी खसाखसा पुसतो. फडक्याखाली वाळू सापडते. मग ते फडके राहत नाही, पॉलिशकागद होतो! उन्हात गाडी तिरपी धरून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतील. त्या बहुधा पुसण्यानेच पडलेल्या असतात.

मग पुसूच नये का?

तसेही नाही. धुतलेली गाडी उन्हात तशीच वाळू दिली, तर दुसरे दुखणे येते. बोअरचे आणि विहिरीचे पाणी पुष्कळ ठिकाणी क्षाराचे असते. घरचा बंब आतून पाहा. त्यात पांढरी खपली धरलेली दिसते. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतो. गाडीवरही तसेच होते. थेंब वाळतो आणि पांढरा डाग उरतो. तो डाग काढायला पुन्हा घासावे लागते. घासले की पुन्हा ओरखडे!

म्हणजे पुसायचे तर आहेच. पण नीट पुसायचे.

नीट पुसण्याची रीत

गाडी आधी सावलीत घ्या. नुकतीच चालवून आणली असेल तर इंजिन निवू द्या. पहिले पाणी वरून खाली सोडा. धूळ हाताने न घासता पाण्यानेच वाहून जाऊ द्या. चिखल, उसाची मळी किंवा पाखरांची घाण वाळून घट्ट बसली असेल, तर नखाने खरवडू नका. त्यावर ओले फडके थोडा वेळ ठेवा. ती भिजून सुटेल.

मग मऊ फडक्याने धुवा. आधी टाकी, नंतर खालचा भाग आणि शेवटी चाके. चाकांचे फडके वेगळेच ठेवा. त्यात सर्वांत जास्त वाळू असते. शेवटचे स्वच्छ पाणी संथ धारेने वरून सोडा. धार संथ असली की पाणी सलग ओघळते आणि थेंब थोडे उरतात.

आता पुसण्यासाठी दुसरे, कोरडे आणि स्वच्छ फडके घ्या. बाजारात मायक्रोफायबरचे फडके मिळते. त्याचे धागे फार बारीक असतात आणि ते पाणी पटकन ओढून घेते. ते नसेल तर धुऊन मऊ झालेला सुती पंचा किंवा जुना बनियन चालेल. गोणपाट नको. गुंडीचा सदरा नको. फडक्याची जाड शिवणही रंगाला लागू देऊ नका.

फडके रंगावर पसरा, हलकेच दाबा आणि उचला. लहान लेकराचे अंग आपण जसे टिपतो, तसे पाणी टिपून घ्या. गोल गोल रगडू नका. फडके भिजले की पिळा, घडी उलटा आणि कोरडी बाजू वापरा. फडके जमिनीवर पडले, तर ते धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावू नका. त्याला माती चिकटलेली असते.

काही जण चकाकी यावी म्हणून डिझेल किंवा रॉकेलचा बोळा फिरवतात. तसे करू नये. तेलकटपणावर धूळ लवकर बसते आणि रबराचे भागही खराब होतात.

जिवाची गोष्ट

धुतल्यावर ब्रेक ओले असतात. ओला ब्रेक लगेच पकडत नाही. म्हणून एकदम सडकेवर जाऊ नका. आधी मोकळ्या जागी सावकाश चालवा आणि ब्रेक हलके दाबून पाहा. ते नीट लागतात याची खात्री झाल्यावरच निघा. मोटारसायकलची साखळी कोरडी करून तिला तेल द्या. नाही तर तिला गंज धरतो.

पाण्याचीही कदर असावी. १९७२ चा दुष्काळ आपल्या भागाने सोसला आहे. त्याच साली लुना ही छोटी गाडी निघाली. नगरच्या कारखान्यात तयार झालेल्या लुना पुढे गावोगाव फिरल्या. गाड्या वाढल्या, पण पाणी काही वाढले नाही. नळी मोकळी सोडू नका. मोटारसायकलीला दोन-तीन बादल्या पुरतात. आणि विहिरीच्या काठावर किंवा ओढ्यात गाडी धुऊ नका. तेल पाण्यात उतरते आणि तेच पाणी माणसे आणि गुरे पितात.

गाडी कर्ज काढून घेतलेली असते. हप्ते फिटेपर्यंत तरी ती धड राहिली पाहिजे. पुढे विकायची वेळ आली, तर गिऱ्हाईक आधी रंग पाहते, मग इंजिन ऐकते. गंजलेल्या गाडीला भाव कोण देईल? तो भाव राखणे आपल्या हाती आहे. त्याला खर्च एका फडक्याचा.

सांगा पाहू

१. कोरडी धूळ पुसल्याने रंगाचे काय होते?
२. पांढरे डाग कशाने पडतात?
३. धुतल्यावर ब्रेक का तपासावेत?