यीस्ट जागं होतं तेव्हा आत काय चालतं?

परवाच्या व्हिडिओत वेळ संपला आणि नेरूळच्या एका ताईंचा प्रश्न राहून गेला. त्या घरून लादीपाव विकतात. दाणेदार कोरडं यीस्ट फ्रिजच्या पाण्यात भिजवलं, पीठ फुगलंच नाही, अख्खी ऑर्डर हातची गेली. त्यांनी विचारलं, "यीस्ट म्हणजे बीच ना? मग उगवलं का नाही?"

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. पाकिटातलं यीस्ट हे बी नव्हे. त्या सुकवलेल्या, पण जिवंत पेशी असतात. यीस्टचं खरं बी म्हणजे बीजाणू. उपासमार झाली की एक पेशी स्वतःच्या आत जाड कवचाचे, बहुधा चार बीजाणू तयार करते. कोरड्यात तग धरायला दोघांनाही ट्रेहॅलोज नावाची साखर मदत करते.

आता या बीजाणूला ग्लुकोज मिळालं की काय होतं? यीस्टकडे सुमारे 6,000 जनुकं आहेत. जनुक म्हणजे पेशीच्या वहीतली एकेक पाककृती. सगळ्या पाककृती एकदम करायच्या नसतात. कुठली कधी काढायची, हे पेशी ठरवते. हा क्रम 2007 मध्ये इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी तपासून मांडला. सुरुवातीलाच रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारी यंत्रं, उभारणारी जनुकं जोरात चालू होतात. उपासमारीत लागणारी जनुकं मंदावतात. डीएनएची नक्कल आणि नव्या पेशीची कळी हे काम काही तासांनी, शेवटी.

म्हणजे आधी भट्टी, मग दुसरी शाखा! आपण धंद्यात नेमकं उलटं करतो. ऑर्डर आधी घेतो, तयारी नंतर.

आता ताईंच्या यीस्टकडे येऊ. सुकलेल्या पेशीचं आवरण पाणी शोषताना नाजूक असतं. पाणी फार गार असेल तर आतला ऐवज बाहेर झिरपतो आणि पेशी दुबळी पडते. उकळतं पाणी तर तिला मारूनच टाकतं. म्हणून पाणी कोमट घ्या, साधारण 40 अंश. अर्धा कप पाणी, चमचाभर साखर, त्यात यीस्ट. 10 मिनिटांत फेस आला तरच पीठ मळायला घ्या. नाही आला, तर चमचाभर यीस्ट वाया गेलं, पण पिठाचे पैसे आणि गिऱ्हाईक दोन्ही वाचलं.

उद्या सकाळी करून बघा. भेटू पुढच्या व्हिडिओत!