पहिली मोटारबोट : शौक, सौदा आणि हिशेब

व्यापारी माणसाच्या हाती चार पैसे आले की तो आधी घर बांधतो, मग गाडी घेतो, मुलामुलींची लग्ने उरकतो. त्यानंतरही काही शिल्लक राहिली आणि माणूस मूळचा कोकणच्या खाडीकाठचा असला, तर एक जुना शौक मनात डोके वर काढतो. आपल्या मालकीची एखादी लहानशी मोटारबोट असावी, सुट्टीत बालबच्च्यांना घेऊन खाडीत फेरफटका मारावा, असे वाटू लागते. आमच्याही मनात ही गोष्ट फार वर्षे होती. आम्ही भिवंडीत ग्रे कापडाचा व्यापार करतो. गाव मात्र वाशिष्ठीच्या काठी, चिपळूण आणि दाभोळ यांच्या दरम्यान. ही तीच खाडी, जिला २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ असे नाव मिळाले. आमच्या लहानपणी तिला नंबर नव्हता, पण होड्या पुष्कळ होत्या.

हा शौक आम्ही दोनदा केला. एकदा चुकीच्या पद्धतीने आणि एकदा बरोबर. दोन्ही वेळचा तजुर्बा व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवावा, म्हणजे आम्ही भरलेली फी निदान दुसऱ्यांच्या कामी येईल, या इराद्याने हे लिहीत आहोत.

रंग पाहून केलेला सौदा

नोव्हेंबर २०१८ मध्ये गावी गेलो असता एक जुनी चौदा फुटी फायबरची बोट विक्रीला असल्याचे कळले. निळापांढरा ताजा रंग, मागे चाळीस हॉर्सपॉवरचे टू-स्ट्रोक इंजिन. किंमत दोन लाख चाळीस हजार. ज्या माणसाने तीस वर्षे कापडाचा ताका उलगडून, धागा मोजून, डाग शोधून माल घेतला, त्याने ही बोट एका तासात घेतली! शिवाय पैसे काढले ते दुकानाच्या खेळत्या भांडवलातून. महिन्याभरात परत घालू, असा विचार होता. त्याच सुमारास बाजारातील एका पार्टीचे पेमेंट अडकले आणि आमच्याकडून मागवाल्यांचे पैसे दोन आठवडे थकले. त्यांच्यातल्या एकाला मुलाची फी भरायची होती. तो दुकानात येऊन काही न बोलता बसून गेला. आपल्या शौकाचे पैसे त्याच्या घामाच्या पैशातून गेले, ही गोष्ट आम्हाला आजही बोचते.

मे २०१९ मध्ये सुट्टीला सारे कुटुंब गावी होते. दुपारी सातजण बोटीतून दाभोळच्या बाजूला निघालो. लाइफ जॅकेट चारच होती. ओहोटीचे पाणी बाहेर धावत होते आणि पश्चिमेचा वारा आत येत होता. वारा आणि पाणी असे समोरासमोर आले की खाडीच्या मुखाशी लाटा उभ्या राहतात, हे आम्हाला त्या दिवशी कळले. बोट दोनचार वेळा आपटली आणि जिच्यावर इंजिन टांगलेले असते ती मागची फळी कडाडली. पाणी आत येऊ लागले. आमचा दहा वर्षांचा पुतण्या जॅकेटशिवाय होता. धाकट्या बंधूंनी आपले जॅकेट काढून त्याला घातले. सुदैवाने एक मच्छीमार बोट जवळून जात होती, तिने दोर टाकून आम्हाला दाभोळच्या धक्क्याला ओढून आणले. तांडेलाला पैसे देऊ केले तर त्याने घेतले नाहीत. एवढेच म्हणाला, "शेठ, रंग बघून बोट घेतलीत काय? फळी बघायची होती."

फळी आतून कुजलेली होती. वरून रंगाचे तीन हात दिलेले. शिवाय त्या लहान बोटीला चाळीस हॉर्सपॉवरचे इंजिन झेपणारे नव्हते. आधीच दुरुस्तीला पस्तीस हजार गेले होते. शेवटी इंजिन सत्तर हजारांना विकले आणि सांगाडा भंगारात गेला. निव्वळ तोटा दोन लाख पाच हजार. खरा हिशेब मात्र याहून मोठा होऊ शकला असता, तो अल्लाहने वाचवला.

आधी पाणी पाहा, मग बोट

यानंतर तीन वर्षे आम्ही बोट घेतली नाही, फक्त विचारत राहिलो. बोट बांधणारे कारागीर, इंजिनाचे मेकॅनिक, मच्छीमार यांच्याकडून जे शिकलो ते थोडक्यात असे.

पहिला प्रश्न बोट कोणती हा नसून पाणी कोणते हा आहे. सपाट तळाची बोट उथळ पाण्यात चालते, उभी राहिली तर डुलत नाही, पण लाटेवर आपटते. व्ही आकाराच्या खोल तळाची बोट लाट कापते, पण तिला ताकद जास्त लागते, पाणीही जास्त लागते आणि उभी असताना ती डुलते. खाडीत फिरायचे, कधीमधी मुखापर्यंत जायचे, तर मधला मार्ग बरा : कमी व्हीचा तळ आणि पंधरा ते सतरा फूट लांबी. लाकडी बोट देखणी असते, परंतु खाऱ्या पाण्यातील किडा लाकूड पोखरतो आणि देखभाल दर वर्षी करावी लागते. पहिल्यांदा घेणाऱ्याने फायबर पत्करावे.

दुसरी गोष्ट इंजिनाची. बोटीच्या मागे टांगायचे इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, अमेरिकेत ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ च्या सुमारास धंद्याच्या रूपात आणले. त्याच्या नावाची इंजिने शंभरावर वर्षे चालली आणि २०२० मध्ये त्यांचे उत्पादन थांबले. यातून धडा असा की जुने इंजिन घेताना ते चालते का एवढेच पाहू नये. त्याचे सुटे भाग आणि जाणता मेकॅनिक आपल्या जिल्ह्यात मिळतो का, हे आधी पाहावे.

टू-स्ट्रोक इंजिन हलके व दुरुस्तीला सोपे असते, पण पेट्रोलबरोबर तेल जाळते, धूर करते. फोर-स्ट्रोक महाग आणि वजनदार, पण पेट्रोल कमी खाते, आवाज कमी करते. बोट बांधणाऱ्याने जास्तीत जास्त जेवढ्या हॉर्सपॉवरची मर्यादा सांगितली असेल ती कधीही ओलांडू नये. इंजिनाचा दांडाही मापाचा हवा. मागच्या फळीची उंची पंधरा इंच असेल तर आखूड दांडा, वीस इंच असेल तर लांब. कपड्याचा पन्हा चुकला तर शिवण चुकते, तसेच हे आहे.

जुनी बोट घेताना

नवी बोट परवडत नसेल तर जुनी घेण्यात कमीपणा नाही. फक्त ती कापडासारखी उलगडून पाहावी. मागची फळी लाकडी हातोडीने ठोकत जावे. आवाज टणक आला तर ठीक, बोदा आला तर आत पाणी शिरले आहे. इंजिन थोडे वर उचलून हलवावे आणि फळी वाकते का ते पाहावे. तळाला फोड आलेले आहेत का ते बोटाने चाचपावे. गिअरचे तेल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर सील गेले असून आत पाणी जात आहे. मेकॅनिककडून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे, आकडे एकमेकांच्या जवळपास हवेत. इंजिन चालू असताना बाजूने पाण्याची बारीक धार पडत राहिली पाहिजे. ती नसेल तर थंड करणाऱ्या पंपात दोष आहे. शेवटी, जितकी माणसे नेणार तितकी बसवून पाण्यात चाचणी घ्यावी. इंजिनाचा नंबर कागदावरील नंबराशी जुळत नसेल तर सलाम करून परत फिरावे.

कागद आणि कर

१९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आला. यांत्रिक नौकेची नोंदणी, तपासणीचा दाखला आणि विमा या गोष्टी त्यात आहेत. आपल्या राज्यात १९९६ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड हे काम पाहते. बोट घेण्याआधी जवळच्या बंदर कार्यालयात जाऊन, कोणत्या पाण्यासाठी कोणते दाखले लागतात आणि चालवणाऱ्याकडे काय हवे, हे विचारून घ्यावे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवरील हल्लेखोर समुद्रमार्गे आले, तेव्हापासून किनाऱ्यावर तपासणी कडक झाली आहे. बिनकागदाची बोट म्हणजे नसता ससेमिरा.

कराचेही ध्यानात ठेवावे. हौसेच्या नौकांवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि वर ३ टक्के उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के झाला. काही बंधू म्हणतात, बोट दुकानाच्या नावे घेऊ आणि इनपुट क्रेडिट काढू. ते मिळत नाही. प्रवासी वा मालवाहतूक, चालवण्याचे प्रशिक्षण किंवा नौकांचीच विक्री असा धंदा नसेल तर नौकेवरचे क्रेडिट कायद्याने अडवलेले आहे. खोटा धंदा दाखवून ते काढू नये.

पैसा कोठून आणावा

व्याजाचा व्यवहार आम्ही धंद्यातही टाळतो, शौकासाठी तो करण्याचा प्रश्नच नव्हता. खेळत्या भांडवलाला पुन्हा हात लावायचा नाही, हेही ठरलेले. जून २०१९ पासून आम्ही तिघा भावांनी वेगळ्या खात्यात दरमहा प्रत्येकी साडेपाच हजार टाकायला सुरुवात केली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत माग बंद पडले, तेव्हा पाच महिने थांबलो. छत्तीस हप्ते ऑक्टोबर २०२२ मध्ये पुरे झाले. प्रत्येकाचे एक लाख अठ्ठ्याण्णव हजार, वर दोन दोन हजार घालून सहा लाख जमले.

त्यातून सोळा फुटी नवा सांगाडा दोन लाख चाळीस हजार, पंचवीस हॉर्सपॉवरचे फोर-स्ट्रोक इंजिन दोन लाख नव्वद हजार आणि ट्रॉली, नांगर, दोर, दिवे, लाइफ जॅकेट असे बाकीचे सामान सत्तर हजार. हे शेवटचे सत्तर हजार बहुतेक लोक हिशेबात धरत नाहीत आणि मग जॅकेटमध्येच काटकसर करतात. भाऊ-भाऊ असलो तरी करार लिहून ठेवला : खर्च समान, वापराचे दिवस वाटलेले, कोणाला बाहेर पडायचे असेल तर किंमत कशी ठरवायची, सारे त्यात आहे. व्यवहार लिहून ठेवावा, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

आता दर वर्षाचा खर्च. आम्ही वर्षात साधारण वीस दिवस, दररोज दोन तास बोट चालवतो. बेताच्या वेगाने ताशी सहा लिटर पेट्रोल जाते, म्हणजे दोनशे चाळीस लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तर चोवीस हजार. इंजिनाची सर्व्हिस पंधरा हजार, तळ घासून रंगवणे बारा हजार, राखणदाराला चोवीस हजार, विमा व फी नऊ हजार, किरकोळ सहा हजार. एकूण नव्वद हजार, म्हणजे दिवसाला साडेचार हजार. तांडेलासह भाड्याची बोट आम्हाला दिवसाला साडेतीन हजारांत मिळत होती. पेट्रोल सोडून बाकीचा खर्च सहासष्ट हजार आहे. तो भाड्याच्या तुलनेत भरून काढायला वर्षात एकोणतीस दिवस बोट चालली पाहिजे. गुंतलेले सहा लाख तर यात धरलेलेच नाहीत.

तेव्हा स्पष्ट सांगतो, निव्वळ हिशेबाने आमचा सौदा आजही तोट्याचा आहे. ज्यांचे वर्षात दहाबारा दिवसच गावी जाणे होते, त्यांनी भाड्याची बोट घ्यावी आणि सुखाने राहावे.

पाण्यात उतरताना

जितकी माणसे तितकी जॅकेट, आणि ती अंगावर, सीटखाली नव्हेत. मुलांसाठी मुलांच्या मापाची. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसली आणि दहाहून अधिक जीव गेले. अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. इंजिन बंद करणारी सुरक्षेची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली असावी. पेट्रोलचे तीन भाग करावे : एक जाण्याला, एक येण्याला, एक अडचणीला. वल्ही, पाणी उपसायला बादली, विजेरी, आग विझवायचे नळकांडे बोटीत असावे. कोठे जातो व कधी परतणार, ते घरी सांगून निघावे.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. आपल्याकडे चाँदची तारीख घरोघर माहीत असते, तिचा येथे उपयोग होतो. चाँदरात आणि चौदा-पंधरा तारखेच्या आसपास उधाण, सात-आठ आणि एकवीस-बावीसला भांग. उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या मुखाकडे नवख्याने जाऊ नये. पावसाळ्यात तर बोट पाण्यात ठेवूच नये. जून ते ऑगस्ट ती उंच जागी, उलटी किंवा झाकून, पक्की बांधून ठेवावी. परतल्यावर इंजिनातून दर वेळी गोडे पाणी फिरवावे; मीठ हाच इंजिनाचा खरा दुश्मन आहे.

मग तोट्याचा सौदा असूनही आम्ही बोट का ठेवली, असे कोणी विचारील. आमच्या वालिदांचे माहेर खाडीच्या पलीकडच्या काठी. रस्त्याने फार वळसा पडतो, म्हणून त्यांचे जाणे सुटले होते. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही त्यांना बोटीतून नेले. बसण्याआधी त्यांनी सर्वांची जॅकेट एकेक करून मोजली, मगच पाय आत टाकला. पलीकडे त्यांच्या धाकट्या बहीण धक्क्यावर उभ्या होत्या. पूर्वी ईदला दोन दिवस येऊन घाईने परतणारी आमची मुलेही आता आठवडाभर गावी राहतात. वर्षाला प्रत्येक भावाच्या वाट्याला तीस हजार येतात. हा खर्च आम्ही नफ्याच्या खात्यात मांडत नाही, पण तोट्याच्या खात्यातही मांडत नाही.

ज्या बांधवांचा असा इरादा असेल, त्यांना आमचा मशवरा एवढाच आहे. आधी एक हंगाम भाड्याच्या बोटीने फिरा आणि किती दिवस फिरलात ते वहीत मांडा. मागवाल्याचे, कारागिराचे आणि घरचे देणे चुकते करून जे उरेल, त्यातूनच पैसा बाजूला काढा. आणि बोट पाहायला जाल तेव्हा बरोबर एक हातोडी न्या.