आधी जपा, मग दुरुस्त करा

गेल्या दिवाळीत इंदूरला मावशीकडे गेलो होतो. मावशी बेळगावची. सासरी जाऊन पन्नास वर्षे झाली, तरी घाई करणाऱ्याला ती अजून ‘निधान, निधान’ म्हणूनच थांबवते.

तिच्या घरी २००४ सालचा संगणक आहे. मावशी सांगायची आणि काका टाइप करायचे. घरातले सणवार आणि पाककृती मराठीत, आजीची गाणी कानडीत. काका आता नाहीत. संगणकही मध्येच निळा पडदा दाखवून बंद पडू लागला होता. ‘हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट करू,’ असे दुरुस्तीवाला म्हणाला. मावशीने त्याला परत पाठवले, हे फार बरे केले!

रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. ओट्यावरच गडबड झाली, तर फडताळात जाणारा जिन्नसही बिघडतो. म्हणून रॅमचा दोष पुष्कळदा डिस्कचा वाटतो. अशा वेळी डिस्क दुरुस्त करणारी ‘चेकडिस्क’ आज्ञा चालवली, तर चांगल्या फाइलीही बिघडू शकतात.

म्हणून आम्ही क्रम ठरवला. प्रथम प्लग काढून डिस्क बाहेर घेतली. आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून यूएसबीला जोडायचे अडॅप्टर आणले आणि भाच्याच्या लॅपटॉपवर सगळे उतरवून घेतले. (डिस्क टकटक आवाज करत असेल, तर मात्र ती पुन्हा पुन्हा चालू करू नये, जाणकाराकडेच न्यावी.)

मग रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी टोक खोडरबराने हलकेच पुसले. एका वेळी एकच पट्टी लावून सीडीवरून ‘मेमटेस्ट’ चालवला. एक पट्टी रात्रभर निर्दोष चालली, दुसरीवर लाल ओळी उमटल्या. दोषी सापडला! ती काढून टाकल्यावरच ‘चेकडिस्क’ केले. डिस्क ठीक निघाली.

पण लॅपटॉपवर फाइली उघडल्या, तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी! काकांनी १९९८ साली आलेल्या ‘बरह’ या प्रणालीत, तिच्या जुन्या फाँटमध्ये लिहिले होते. जुन्या संगणकातले फाँट आणून बसवताच मराठी आणि कानडी दोन्ही लिप्या उमटल्या. वाचकहो, जुन्या फाइली उतरवताना फाँट विसरू नका. शक्य तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून दोन ठिकाणी ठेवा. विंडोज एक्सपीला ८ एप्रिल २०१४ पासून सुरक्षा मिळत नाही. असा संगणक इंटरनेटला जोडू नये.

मावशीने चष्मा लावला आणि आजीचे गाणे वाचू लागली. दुसऱ्या ओळीवर थांबून म्हणाली, ‘इथे यांनी एक अक्षर चुकवलंय बघ.’ दुरुस्त करू का, असे मी विचारले.

‘नको,’ ती म्हणाली. ‘राहू दे तसंच.’